मराठी रंगभूमी, स्त्रीप्रश्न व गिरिजाबाई केळकर

केळकर, गिरिजाबाई : (१८८६–१९८०). मराठी नाटककार, निबंधलेखिका व स्त्रियांच्या संस्थात्मक कार्याच्या एक प्रवर्तक. माहेरचे नाव द्रौपदी बर्वे. विवाहानंतर जळगाव ही त्यांची कर्मभूमी झाली. पुरुषांचे बंड (१९१३) ह्या नाटकाने त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. हे नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या बायकांचे बंड (१९०७) ह्या नाटकास दिलेले प्रत्युत्तर होय. मराठी रंगभूमीवर स्त्रीजीवनाची चर्चा त्यापूर्वी कित्येक वर्षे चालू होती. परंतु ती पुरुषांनी लिहिलेली व पुरुषनटांनी बोलून दाखविलेली चर्चा होती. त्या चर्चेत स्त्रीच्या बाजूने आणि नाटकाच्याच माध्यमातून उत्तर देण्याचा हक्क गिरिजाबाईंनी प्रथम ठळकपणे बजावला, हे त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे. हे महत्त्व समजून घेण्यासाठी, ज्या परिसरात मराठी नाटक जन्मास आले त्या सांगली-सातारा भागातील नाट्यपरंपरा व तेथील स्त्रियांची लेखनपरंपरा ह्या दोहोंचा विचार करावा लागतो.

सांगलीची नाट्यपरंपरा : सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे ह्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सीतास्वयंवर हा खेळ सादर केला. मराठी रंगभूमीचा आरंभ ह्या प्रयोगापासून मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा दिवस ‘रंगभूमी दिन’ म्हणून पाळण्यात येतो. भावे ह्यांच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे व पात्रे आपापली भाषणे प्रसंगानुरूप स्वतःच जुळवून बोलत. स्त्रीभूमिका मुलगे करीत. सीतेच्या नावाने सुरू झालेल्या ह्या रंगभूमीवर सीतेचे शब्द प्रारंभापासूनच पुरुषाच्या मुखातून येत होते. देवादिकांच्या कथा सांगणाऱ्या त्या खेळांत ही गोष्ट कोणास खटकण्याचे कारण नव्हते. परंतु पुढे नाटकातून समकालीन संसाराचे प्रश्न येऊ लागले, तेव्हाही हीच व्यवस्था कायम राहिली.

सांगलीनजीकच्या हरिपूर येथे जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) ह्यांनी शारदा (१८९९) ह्या नाटकात जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न हाताळला. द्रव्यलोभी कांचनभट आपली मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास देण्यास सिद्ध होतो, भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ ते लग्न जुळवितो आणि शारदा ह्या दोघांच्या कचाट्यात सापडते. मुलीचे दुःख मराठी नाटकाच्या मध्यभागी आणण्याचे श्रेय देवलांकडे जाते. ह्या नाटकाचा लोकमतावर इतका प्रभाव होता, की १९२९ साली संमत झालेल्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याचे ‘शारदा कायदा’ हे रूढ नाव अनेकांना ह्या नाटकावरूनच पडले असावे असे वाटे. वस्तुतः ते नाव विधेयकाचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा ह्यांच्या आडनावावरून आले. तथापि शारदेची सुटका ज्या मार्गाने होते, तोही लक्षात घेण्याजोगा आहे. तिच्यावरील संकट पुरुषांनी आणलेले असते व त्याचे निवारणही कोदंड हा सुधारक तरुण आणि धर्मपीठ ह्यांच्याकडून होते. मुलीने सोसावे आणि विचारी पुरुषाने तिला सोडवावे, हा सुधारणावादी नाटकाचा साचा देवलांच्या ह्या उत्कृष्ट कृतीतही दिसून येतो.

ह्याच काळात स्त्रीशिक्षणाची टिंगल करणारी नाटकेही लिहिली जात होती. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल निघाले आणि दोनच वर्षांनी नारायण बापूजी कानिटकर ह्यांची तरुणीशिक्षण-नाटिका (१८८६) प्रसिद्ध झाली. शिकलेली स्त्री म्हणजे संसाराचा नाश, हे चित्र ह्या प्रकारच्या नाटकांनी प्रेक्षकांच्या मनावर ठसविले. सुधारणेचा पक्ष व तिला विरोध करणारा पक्ष असे दोन्ही पक्ष रंगभूमीवर उभे होते. ह्या वादात ज्यांच्याविषयी बोलले जात होते, त्या स्त्रियांना मात्र तेथे बोलण्याची सोय नव्हती. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८५५ साली लिहिलेल्या तृतीय रत्न ह्या नाटकात गरोदर कुणबी स्त्री व तिचा पती ह्यांची धर्माच्या नावाने झालेली फसवणूक दाखविली असून अखेरीस ती दोघे रात्रीच्या शाळेत जाण्याचा निश्चय करतात. शिक्षण हा स्वतः मिळविण्याचा उपाय मानणारे हे नाटक वरील साच्याच्या बाहेरचे होते. पण दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते मुद्रित होण्यास १९७९ साल उजाडले.

सातारा-सांगलीतील लेखिका : आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्यालगत सांगली, मिरज, औंध इ. संस्थानांचे मुलूख विखुरलेले होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्या एकाच परिसराने जसे नाटककार दिले, तशाच आधुनिक महाराष्ट्रातील आरंभीच्या लेखिकाही दिल्या. सावित्रीबाई फुले (१८३१–९७) ह्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगावचा. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) ह्या त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील अष्टे येथे जन्मल्या. रमाबाई रानडे (१८६३–१९२४) ह्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे हेही त्याच भागातील. अष्टे व देवराष्ट्रे ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.

ह्या तिघींचीही लग्ने बालवयात झाली व त्यांचे शिक्षण विवाहानंतर झाले. सावित्रीबाईंनी काव्यफुले (१८५४) हा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. काशीबाईंनी पती गोविंद वासुदेव कानिटकर ह्यांच्या प्रोत्साहनाने वाचन-लेखन आत्मसात करून रंगराव (१९०३) ही कादंबरी व डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र लिहिले. रमाबाईंच्या आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी (१९१०) ह्या आत्मचरित्रास मराठी गद्यात मानाचे स्थान मिळाले. परंतु ह्यांपैकी कोणीही नाट्यलेखनाकडे वळली नाही. कविता, चरित्र, कादंबरी, आठवणी हे सर्व प्रकार स्त्रियांनी पहिल्या पन्नास वर्षांत हाताळले. नाटक तेवढे दूर राहिले. एकाच भूमीतून निघालेले हे दोन प्रवाह, पुरुषांचे नाटक व स्त्रियांचे गद्य, दीर्घकाळ एकमेकांना न भेटता वाहत होते.

नाट्यलेखनातील अडसर : ह्याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधता येत नाही, ते नाटकाच्या व्यवसायपद्धतीत आहे. कविता वा आठवणी घरात बसून लिहिता येतात व टपालाने मासिकाकडे धाडता येतात. नाटक मात्र नाटकमंडळीच्या बिऱ्हाडी सिद्ध होत असे. नाटककाराने मंडळीत राहावे, नटांना तालीम द्यावी, पदांच्या चाली बसवाव्यात, पहिल्या प्रयोगानंतर काटछाट करावी, अशी रीत होती. स्वतः देवल हे किर्लोस्कर नाटक मंडळीत तालीममास्तर होते आणि खाडिलकरही आपल्या नाटकांच्या तालमींत लक्ष घालीत. मंडळ्या गावोगाव हिंडत व प्रयोग रात्ररात्र चालत. प्रतिष्ठित कुटुंबातील स्त्रीने नाटक पाहण्यासही अनुमती घ्यावी लागे. मंडळीच्या बिऱ्हाडी जाणे तर कल्पनेपलीकडचे होते.

ज्या स्त्रीला ही बंधने नव्हती, तिला सामाजिक प्रतिष्ठा नव्हती. हिराबाई पेडणेकर (१८८६–१९५१) ह्या गिरिजाबाईंच्याच वर्षी, सावंतवाडी येथे कलावंत समाजात जन्मल्या. संगीताचे उत्तम शिक्षण घेतलेल्या हिराबाईंनी जयद्रथ विडंबन (१९०४) व दामिनी ही संगीत नाटके लिहिली. दामिनी हे नाटक केशवराव भोसले ह्यांच्या ललितकलादर्श मंडळीने १९१२ साली रंगभूमीवर आणले. नामांकित साहित्यिकांची त्यांच्याकडे ऊठबस होती. तथापि कुळाचा शिक्का त्यांच्या लेखनाच्या स्वागताआड आला आणि अखेरची वर्षे त्यांनी गुहागरजवळील पालशेत येथे वाङ्‍मयीन जगापासून दूर काढली. वसंत कानेटकर ह्यांच्या कस्तुरीमृग (१९७६) ह्या नाटकामुळे त्यांचे चरित्र पुन्हा लोकांपुढे आले. नाट्यलेखन करणाऱ्या स्त्रीपुढे ह्या काळात असलेला पेच हिराबाई व गिरिजाबाई ह्यांच्या चरित्रांवरून स्पष्ट होतो. एकीला रंगभूमी जवळची होती, पण समाजाचा मान नव्हता. दुसरीला मान होता, पण रंगभूमी दूरची होती.

बायकांचे बंड व पुरुषांचे बंड : कृ. प्र. खाडिलकर (१८७२–१९४८) हे मूळचे सांगलीचे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, केसरीचे संपादक व कीचकवध (१९०७) ह्या नाटकामुळे सरकारी रोषास पात्र झालेले नाटककार म्हणून त्यांचा दबदबा मोठा होता. कीचकवधात त्यांनी द्रौपदीच्या विटंबनेतून पारतंत्र्याची चीड व्यक्त केली. त्याच वर्षीच्या बायकांचे बंड ह्या नाटकासाठी त्यांनी जैमिनी अश्वमेधातील प्रमिलेच्या स्त्रीराज्याची कथा निवडली. अश्वमेधाच्या घोड्यामागून जाणारा अर्जुन ज्या राज्यात येऊन पोहोचतो तेथे स्त्रियांचीच सत्ता असते. परंतु मूळ कथेत शेवटी प्रमिला अर्जुनालाच वरते. स्त्रियांचे स्वतंत्र राज्य ही कल्पना रंगवावी आणि विवाहात तिचे विसर्जन करावे, ह्या योजनेत नव्या स्त्रीशिक्षणाविषयीची धास्ती व थट्टा ह्या दोहोंना वाव होता. ‘बंड’ ह्या शब्दाची निवडही सूचक होती. ज्याची सत्ता वैध मानली जाते, त्याच्याविरुद्ध उठणे म्हणजे बंड. स्त्रीने स्वतंत्रपणे वागणे हे बंड ठरते, ते पुरुषाची सत्ता गृहीत धरल्यामुळेच.

गिरिजाबाईंनी आपल्या नाटकास पुरुषांचे बंड हे नाव देऊन नेमके हे गृहीतकच उलटे केले. घर हे जर स्त्रीचे राज्य आहे असे समाज म्हणतो, तर त्या राज्याच्या मर्यादा झुगारणारा पुरुष हाच बंडखोर ठरावयास हवा. प्रतिपक्षाने घातलेली संज्ञा स्वीकारून ती त्याच्यावरच उलटविण्याचा हा डाव होता. पौराणिक स्त्रीराज्याची भव्यता त्यांनी घेतली नाही; आपल्या परिचयाच्या संसारी जीवनाचे क्षेत्र त्यांनी निवडले. ज्या खाडिलकरांचा उल्लेख नाट्यक्षेत्रात आदराने केला जाई, त्यांना सत्तावीस वर्षांच्या, विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या एका गृहिणीने नाटकानेच उत्तर द्यावे, ही घटना त्या काळी असाधारण होती. वृत्तपत्रातून निषेध करणे वा सभेत ठराव मांडणे हे मार्ग तेव्हा स्त्रियांना अंशतः खुले झाले होते. ताराबाई शिंदे ह्यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) ह्या निबंधात पुरुषांच्या न्यायबुद्धीस जळजळीत आव्हान दिलेही होते. गिरिजाबाईंचे वेगळेपण हे, की ज्या व्यासपीठावरून आक्षेप आला त्याच व्यासपीठावर त्या उभ्या राहिल्या.

अन्य लेखन व विचार : गिरिजाबाईंच्या लेखनाचा आरंभ गृहिणींसाठी लिहिलेल्या निबंधांपासून झाला. गृहिणीभूषण व स्त्रियांचा स्वर्ग (१९१२) ही त्यांची ह्या प्रकारची पुस्तके होत. नाट्यलेखनात पुरुषांचे बंड ह्यानंतर आयेषा (१९२१), राजकुंवर (१९२४), मंदोदरी, हीच मुलीची आई (१९३२) इ. कृती त्यांनी लिहिल्या. त्यांपैकी शेवटच्या नाटकाचे नाव भा. वि. ऊर्फ मामा वरेरकर ह्यांच्या हाच मुलाचा बाप (१९१६) ह्या हुंड्याच्या प्रश्नावरील गाजलेल्या नाटकाची आठवण करून देते. वरेरकरांचे नाटक स्त्रियांच्या बाजूचे होते, खाडिलकरांचे नव्हते. दोन्ही प्रसंगी गिरिजाबाईंनी पुरुषाच्या नाटकाचे नाव फिरवून त्यात स्त्री आणून बसविली. मराठी नाटकात मुलीच्या लग्नाच्या व्यवहारात बाप, वर, मध्यस्थ व सुधारक हे चौघे नेहमी प्रमुख असत. मुलीच्या आईस तेथे रडण्यापलीकडे फारसे काम नसे. तिला शीर्षकात मानाचे स्थान देणे, हे त्या परंपरेवरचे एक भाष्यच होते. मंदोदरी ह्या शीर्षकातही रामरावणकथेतील पराभूत पक्षाच्या पत्नीकडे लक्ष वेधलेले आहे.

त्यांच्या विचारांस ‘स्त्रीवादी’ हे पुढच्या काळातील विशेषण लावताना त्यांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. कुटुंबसंस्था मोडावी असे त्यांना वाटत नव्हते. गृहिणीपदाची प्रतिष्ठा, संसारात पतीइतकाच पत्नीचा विचार घेतला जाणे आणि त्यासाठी आवश्यक ते शिक्षण, ह्या त्यांच्या मागण्यांच्या कक्षा होत्या. पुस्तकांची नावे पाहिली, तरी ‘गृहिणी’ व ‘स्वर्ग’ हे शब्द रूढ आदर्शांतूनच आलेले आहेत. विधवा, शेतमजूर स्त्रिया किंवा हिराबाई पेडणेकरांसारख्या कलावंत स्त्रिया ह्यांचे प्रश्न पांढरपेशा कुटुंबाभोवतीच्या ह्या दृष्टीच्या परिघाबाहेर राहिले. ताराबाई शिंदे ह्यांच्या निबंधातील धार त्यांच्या लेखनात नाही. मात्र ह्या मवाळपणामुळेच त्यांचे म्हणणे घराघरांत पोहोचू शकले, हेही तितकेच खरे. सासरच्या उंबऱ्याआड वाचणाऱ्या स्त्रीला जे पुस्तक उघडपणे हाती धरता येईल, असेच पुस्तक तिच्या मतात बदल घडवू शकत होते.

संस्थात्मक कार्य : जळगाव येथे त्यांनी भगिनी मंडळ स्थापन केले. गावोगावच्या अशा मंडळांतून स्त्रियांना एकत्र येण्याची, वाचनाची व चार लोकांत बोलण्याची सवय लागली. पुण्याच्या सेवासदनासारख्या (१९०९) मोठ्या संस्थांचे कार्य इतिहासात ठळकपणे नोंदले गेले आहे. जिल्ह्याच्या गावांतील भगिनी मंडळांनी त्या कार्याची मुळे दूरवर नेली.

मुंबई येथे १९२८ साली भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी गिरिजाबाईंची निवड झाली. नाट्यसंमेलने १९०५ पासून भरत होती; हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. मराठी साहित्य संमेलनास पहिल्या स्त्री-अध्यक्षा कुसुमावती देशपांडे ह्या १९६१ च्या ग्वाल्हेर अधिवेशनात लाभल्या, हे पाहता नाट्यक्षेत्राने ह्या बाबतीत तेहतीस वर्षांची आघाडी घेतली, असे म्हणता येईल. तथापि ह्या सन्मानात एक विसंगती होती. १९२८ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवरील बहुतेक स्त्रीभूमिका पुरुषनटच करीत होते व बालगंधर्वांच्या भामिनी, रुक्मिणी, सिंधू ह्या भूमिकांची मोहिनी कायम होती. त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण प्रतिष्ठित स्त्रिया करीत. केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळ्या अस्तित्वात होत्या. पण त्यांना दुय्यम लेखले जाई. जिच्यावर स्त्रीला स्त्रीची भूमिकाही सहजपणे करता येत नव्हती, त्या रंगभूमीच्या संमेलनाचे अध्यक्षस्थान एका स्त्रीने भूषविले. पुढे हिराबाई बडोदेकर ह्यांच्या मंडळीने स्त्रीभूमिका स्त्रियांकडून करविल्या आणि १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा ह्या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या, तेव्हा ही विसंगती दूर होऊ लागली.

उत्तरकाल : गिरिजाबाईंच्या नाट्यलेखनाच्या अखेरच्या पर्वात स्त्रीप्रश्नाच्या चर्चेचे एक नवे केंद्र सांगलीच्याच परिसरात उभे राहिले. औंध संस्थानात १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्कर ह्यांनी ऑगस्ट १९३० मध्ये स्त्री हे मासिक सुरू केले. घटस्फोट, संततिनियमन, प्रौढविवाह, स्त्रियांचे अर्थार्जन हे विषय त्यातून मोकळेपणाने येऊ लागले व नव्या पिढीच्या लेखिकांना हक्काचे स्थान मिळाले. ह्या पिढीपुढे गिरिजाबाईंची गृहिणीकेंद्री भूमिका जुनी वाटू लागली. ‘विभावरी शिरूरकर’ ह्या नावाने कळ्यांचे निःश्वास (१९३३) लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) ह्यांनी संसाराच्या चौकटीलाच प्रश्न विचारले. त्या नाट्यलेखनाकडेही वळल्या. सांगली जिल्ह्यातील तासगाव येथे जन्मलेल्या कवयित्री पद्मा गोळे (१९१३–९८) ह्यांनीही नवी जाणीव ह्यासारखे नाट्यलेखन केले. त्यांच्या रूपाने, स्त्रियांचे लेखन व सांगलीचे नाटक हे दोन प्रवाह त्यांच्या मूळ भूमीत एकत्र आले. ज्योती म्हापसेकर ह्यांचे मुलगी झाली हो (१९८३) हे नाटक स्त्रीमुक्ती संघटनेने गावोगाव व वस्त्यावस्त्यांतून केले, तेव्हा लेखन, अभिनय व निर्मिती ही तिन्ही अंगे स्त्रियांच्या हाती होती.

गिरिजाबाईंनी आपल्या आठवणी द्रौपदीची थाळी (१९५९) ह्या नावाने लिहिल्या. माहेरच्या नावाचा हा उपयोग अर्थपूर्ण आहे. विवाहात बदललेले आपले पहिले नाव त्यांनी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी पुस्तकावर परत मिळविले. महाभारतातील द्रौपदीची थाळी सर्वांना वाढून झाल्यावर स्वतः तिचे भोजन होईपर्यंत रिकामी होत नसे. सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या स्त्रीची ती कथा मराठी गृहिणीस वेगळी समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

मूल्यमापन : नाट्यगुणांच्या दृष्टीने देवल वा खाडिलकर ह्यांच्या पंक्तीत गिरिजाबाईंना बसविता येत नाही, त्यांची नाटके शारदा किंवा स्वयंवर ह्यांप्रमाणे पुनःपुन्हा रंगमंचावर येत राहिली नाहीत. परंतु नाटकमंडळीत राहून तालमी घेण्याची, प्रयोगागणिक नाटक घडविण्याची जी संधी त्या नाटककारांना होती, ती गिरिजाबाईंना समाजव्यवस्थेने नाकारलेली होती. ही गोष्ट वगळून केलेली तुलना न्याय्य ठरणार नाही. सीतास्वयंवरापासून सत्तर वर्षे मराठी रंगभूमी स्त्रीविषयी बोलत होती. त्या संभाषणात स्त्रीला दुसऱ्या बाजूची जागा गिरिजाबाईंनी मिळवून दिली आणि ती जागा त्यांच्यानंतर रिकामी राहिली नाही.